वळिवड्याहून वॉर्सा

रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटते. बॅगा बर्थखाली सारून, खाली कोण झोपणार नि वर कोण याचा निकाल लागेपर्यंत गूळ मार्केट मागं पडतं आणि वळिवडे येतं. गाडी तिथं थांबत नाही. गांधीनगरचे दिवे खिडकीतून सरकत जातात, इतकंच. लग्नाचा बस्ता बांधायला आणि दिवाळीची कापडं घ्यायला आपण ज्या गांधीनगरात जातो, त्या जागी 1943 ते 1948 या काळात पोलंडचं एक अख्खं गाव नांदत होतं. सुमारे पाच हजार माणसं होती, त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकाचा रंगमंचही होता. ती माणसं निघून गेल्यावर तिथं फाळणीत घरदार सुटलेले सिंधी बांधव आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं.

ही माणसं इथवर कशी आली, हे ठाऊक असेल तर पुढचा सगळा प्रवास वेगळा होतो. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर जुलै 1941 मध्ये करार झाला आणि त्यांची सुटका झाली. सुटलेल्या पुरुषांतून जनरल अँडर्स यांनी फौज उभी केली. 1942 मध्ये ही फौज आणि तिच्यामागून बायकामुलं इराणात उतरली. फौज पुढं इटलीत लढायला गेली. कुटुंबं आफ्रिकेत आणि भारतात पांगली, त्यांतली काही हजार माणसं वळिवड्याला आली. मे 1944 मध्ये इटलीतली माँते कासिनोची टेकडी याच फौजेनं घेतली. बाप टेकडीवर आणि लेकरं पंचगंगेकाठच्या मुलखात, अशी कितीतरी घरं त्या काळी विभागलेली होती.

म्हणूनच पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, माँते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूर संस्थानाच्या नावाचा स्मृतिफलक आहे. तो नोव्हेंबर 2017 मध्ये बसवला गेला. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथं आदरांजली वाहिली, तेव्हा कोल्हापुरात बऱ्याच जणांना त्याची पहिल्यांदा खबर लागली. युरोपातल्या एका राजधानीत आपल्या गावाचं नाव लागलेलं आहे. तिथवर स्वतःच्या पायांनी, कुणाच्या झेंड्यामागं न पळता कसं पोचायचं, हे या प्रकरणात सांगायचं आहे.

आधी एक आग्रह. बारा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या सहलीत वॉर्सा बहुधा नसतंच, आणि असलंच तर बसच्या काचेतून दिसतं. तुम्ही निदान पाच दिवस एकट्या वॉर्साला द्या. दोन दिवसांत शहराच्या गाड्या अंगवळणी पडतात. तिसऱ्या दिवशी नकाशा खिशात जातो, आणि शहर दिसायला लागतं ते त्यानंतर.

जायचा काळ मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधारतं. आपल्या मुलांना सुट्टी मेमध्ये असते, हे जमून येतं. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर रविवारी वाझियेंकी बागेत शोपँच्या पुतळ्याखाली पियानोवादनाच्या मोफत मैफली होतात. एक बाराला, दुसरी चारला. 1959 पासूनचा हा रिवाज आहे. लोक हिरवळीवर सतरंज्या पसरून बसतात. आपल्याकडं भवानी मंडपात गाणं असावं आणि शहरानं घरची कामं टाकून यावं, तसं ते वातावरण असतं. जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर मात्र कोल्हापुरातून दोन दिवस आधी निघा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसच्या दिवस बंद होता, आणि पावसाळ्यात घाटात रेल्वे कधी अडकेल याचा नेम नसतो. विमान पंचगंगेची वाट पाहत नाही.

व्हिसाची धास्ती घेऊ नका, पण त्यात आळसही नको. पोलंड 2007 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. नियम सोपा आहे: ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं अर्ज. पाच दिवस वॉर्सा आणि दोन दिवस बर्लिन असेल, तर अर्ज पोलंडकडं. जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आपल्याला बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठावी लागते, तेव्हा दोन महिन्यांचं अंतर ठेवलेलं बरं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. प्रौढांचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो झालं आहे. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सरहद्दीवर पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेऊ लागले आहेत. त्यामुळं मधल्या विमानतळावर पुढची गाठ अगदी तासाभराची धरू नका.

व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा आरोग्य विमा लागतो. हा कागद पुष्कळांना फालतू खर्च वाटतो. त्यांना मला कोल्हापूरच्याच एका प्रवाशाची आठवण द्यावीशी वाटते. छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडला गेले. रोजची दैनंदिनी लिहीत त्यांनी लंडन पाहिलं. परतीच्या वाटेवर, 30 नोव्हेंबर 1870 रोजी, फ्लॉरेन्समध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, हिंदू पद्धतीनं, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथं उभारलेली छत्री आजही आहे, आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. परमुलखातलं आजारपण राजालाही चुकलं नाही. विम्याचा कागद छापून बॅगेत ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. पोलंडमध्ये कुठल्याही संकटात फिरवायचा नंबर 112.

विमानाचं थोडक्यात. पोलंडच्या लॉट कंपनीनं 2019 मध्ये दिल्लीहून आणि 2022 मध्ये मुंबईहून वॉर्साची थेट उड्डाणं सुरू केली. वेळापत्रक हंगामाप्रमाणं बदलतं, ते बघून घ्या. नाहीतर दुबई, दोहा किंवा जर्मनीमार्गे जाता येतं. वॉर्साला दोन विमानतळ आहेत: शहराला लागून असलेला शोपँ आणि उत्तरेला पस्तीसेक किलोमीटर लांबचा मॉडलिन. युरोपातल्याच दुसऱ्या शहरातून स्वस्त तिकीट दिसलं की ते बहुधा मॉडलिनचं असतं. वाचवलेले पैसे मग शहरात येताना जातात.

पैसा युरो नाही, झ्वोती. रुपये तिथं बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. थोडे युरो न्या आणि शहरातल्या 'कांतोर' पाटीच्या दुकानात बदला. विमानतळावरच्या खिडकीपेक्षा तिथं भाव चांगला मिळतो. बाकी सगळीकडं कार्ड चालतं, भाजीच्या दुकानातसुद्धा.

आता खरा विषय, गाड्यांचा. वॉर्साची बस, ट्राम, मेट्रो आणि शहरी लोकल एकाच तिकिटावर चालतात. आपल्या के.एम.टी.त तिकीट हे इथून तिथपर्यंतचं असतं. तिथं तिकीट हे इतक्या वेळाचं असतं. 75 मिनिटांचं तिकीट घेतलं की तेवढ्या वेळात मेट्रोतून उतरून ट्राम पकडा, ट्राममधून बस पकडा, कुणी अडवत नाही. 20 मिनिटांचंही आहे, एक दिवसाचं आहे, तीन दिवसांचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत चालणारं शनिवार-रविवारचंही आहे. माझ्या मते पाहुण्यानं तीन दिवसांचं घ्यावं आणि हिशेब विसरावा. हिशेब सुटला की माणूस वाट चुकायला भीत नाही, आणि चुकलेल्या ट्राममधून जे शहर दिसतं ते कुठल्या पुस्तकात नसतं. शहर आणि शोपँ विमानतळ पहिल्या झोनमध्ये येतात, तेव्हा पहिल्या झोनचं तिकीट पुरतं. सत्तरी ओलांडलेल्यांना वयाचा पुरावा जवळ असला की प्रवास मोफत आहे, म्हणून आजी-आजोबांचे पासपोर्ट लॉकरमध्ये न ठेवता बरोबर असू द्या.

पण तिकीट विकत घेतलं म्हणजे काम झालं नाही. गाडीत दाराजवळ खांबावर हाताएवढं यंत्र असतं. त्याच्या फटीत कागदी तिकीट सरकवायचं. यंत्र ते क्षणभर धरतं, त्यावर तारीख आणि वेळ छापतं आणि परत देतं. तो छाप पडला की तुमची मिनिटं मोजायला सुरुवात होते. छाप नसलेलं तिकीट खिशात असणं म्हणजे तिकीट नसणं, असंच तिथं धरतात. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि 'आम्ही परदेशी, आम्हाला माहीत नव्हतं' हे त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकायची सवय असते. मेट्रोत छाप फाटकापाशीच पडतो. एका तिकिटावर बदली करताना पुन्हा छाप घ्यायचा नाही, पहिलाच चालतो.

विमानतळावरून शहरात यायला 175 नंबरची बस आहे आणि तळाखालूनच निघणारी लोकल आहे. दोन बॅगा आणि लहान मूल असेल तर लोकल बरी. गाड्यांचे नंबर ओळखायची खूण सोपी: एक वा दोन आकडी नंबर म्हणजे ट्राम, तीन आकडी म्हणजे बस, आणि आकड्याआधी एन हे अक्षर म्हणजे रात्रीची बस. मेट्रोच्या दोनच मार्गिका सध्या धावतात. उत्तर-दक्षिण जाणारी 1995 मध्ये सुरू झाली, पूर्व-पश्चिम जाणारी 2015 मध्ये. दोन्ही एकाच ठिकाणी एकमेकींना छेदतात, श्वियेंतोक्शिस्का स्थानकात. राहायची जागा या स्थानकाच्या आसपास किंवा पहिल्या मार्गिकेवर कुठंही घ्या. खोली थोडी लहान असली तरी चालेल, पण स्थानक चालत पाच मिनिटांवर हवं. रस्ता शोधायला तिथले लोक 'याकदोयादे' नावाचं ॲप वापरतात. त्या नावाचा अर्थच 'कसा पोचू' असा आहे. ट्रामचं दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका, दारावरचं बटण दाबा.

स्थानकांची नावं वाचताना जीभ अडखळते, आणि इथं मराठी माणसाला एक फायदा आहे जो फारसा कुणी सांगत नाही. आपल्याकडं 'च' दोन आहेत. 'चार'मधला एक, 'चाक'मधला दुसरा. इंग्रज आणि फ्रेंच पाहुण्यांना शब्दाच्या सुरुवातीला हा दुसरा 'च' अवघड जातो. पोलिशमध्ये रोमन लिपीतला एकटा सी म्हणजे 'चाक'मधला च, आणि सी-झेड ही जोडी म्हणजे जवळपास 'चार'मधला च. मध्यवर्ती चौकाच्या स्थानकाचं नाव 'चेंत्रुम' आहे. त्यातला च 'चाक'सारखा म्हणा, समोरचा पोलिश माणूस लगेच समजेल. त्यांचा डब्ल्यू म्हणजे आपला व, एस-झेड म्हणजे श. म्हणून ज्याला आपण वॉर्सा म्हणतो ते त्यांच्या तोंडी वार्शावा असतं. चार शब्द पाठ करा: 'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार, 'प्रोशे' म्हणजे कृपया, 'जेंकुये' म्हणजे आभारी आहे, 'प्शेप्राशाम' म्हणजे माफ करा. दुकानात शिरताना 'जेन दोब्री' न म्हणणं तिथं उद्धटपणा समजतात.

रस्ता ओलांडणं हा सरावाचा भाग आहे. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, आणि आपली मान तीस-चाळीस वर्षांच्या सवयीनं आधी उजवीकडं वळते. पहिले दोन दिवस मनाशी घोकत राहा: आधी डावीकडं. 2021 पासून झेब्रा पट्ट्यावर पाऊल टाकणाऱ्याला मोटारींनी वाट द्यायची असा कायदा आहे, आणि मोटारी खरोखर थांबतात. बिंदू चौकात वाढलेल्या माणसाला हे पाहून गहिवरून येतं. पण ट्रामला हा नियम लागू नाही. ट्राम वाट देत नाही, तिलाच वाट द्यायची. आणि रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला कुणी हलत नाही, तुम्हीही हलू नका, दंड होतो.

खाण्याच्या बाबतीत 'बार म्लेच्नी' शोधा. शब्दशः दुधाचा बार, म्हणजे स्वस्त आणि घरगुती जेवणाची खानावळ. आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती खिडकीत द्यायची, ताट घ्यायचं, जेवून झालं की भांडी स्वतः परत ठेवायची. शाकाहारी माणसानं 'पिएरोगी रुस्किए' मागावेत: बटाटा आणि पनीरसारख्या चक्क्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. फक्त 'बेझ म्येंसा', म्हणजे मांसाशिवाय, असं आवर्जून सांगा, कारण वरून कधीकधी चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. मांसाहारी कोल्हापूरकरानं 'झुरेक' चुकवू नये. राय या धान्याचं पीठ आंबवून केलेलं आंबट सूप, त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं. पहिल्या घोटाला आंबील आठवते. तिखटाची सोय मात्र घरूनच करा. कांदा-लसूण चटणीची पुडी घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानंच बंद असतात, म्हणून शनिवारी दूध-पाव घेऊन ठेवा. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर चित्राऐवजी नुसता त्रिकोण किंवा गोल असेल तर गोंधळू नका: त्रिकोण पुरुषांचा, गोल बायकांचा.

आता मुक्कामाचा मुख्य दिवस. तो मंगळवारी धरू नका, कारण पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन संग्रहालय त्या दिवशी बंद असतं, आणि ते याच वाटेवर आहे. सकाळी पहिल्या मार्गिकेच्या मेट्रोनं रातुश-आर्सेनाव स्थानकात उतरा. वर आलं की उत्तरेकडं जाणारा रुंद रस्ता लागतो, मधून ट्रामचे रूळ. रस्त्याचं नाव जनरल अँडर्स. ज्यांच्या फौजेमागून वळिवड्याची मुलं सायबेरियातून बाहेर पडली, तेच अँडर्स. उजवीकडं क्रासिन्स्की बाग ठेवून पाचेक मिनिटं चाला. झाडांपुढं पांढऱ्या संगमरवराची, पंख असलेली पण शिर नसलेली विजयदेवता उभी दिसते. हे 1999 मध्ये उभारलेलं माँते कासिनोचं स्मारक. कोल्हापूरचा फलक याच परिसरात आहे.

घाई करू नका. ट्राम जातात, कुत्र्याला फिरवणारी माणसं जातात, बागेतल्या बाकांवर म्हातारी माणसं बसलेली असतात. वळिवड्याच्या शिबिरातली मुलं पाच वर्षं कोल्हापूरच्या उन्हात वाढली आणि त्यांतली पुष्कळ जण पुढं पोलंडला परतलीच नाहीत, इंग्लंडला आणि इतर देशांत गेली. पोलंड त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता. ज्यांना घर परत मिळालं नाही, त्यांना आपल्या गावानं तात्पुरतं घर दिलं होतं, हे त्या फलकासमोर उभं राहून कळतं तसं घरबसल्या कळत नाही.

तिथून पश्चिमेला दहा मिनिटांवर पोलिन आहे, त्याला निदान तीन तास द्या. मग पूर्वेला जुन्या शहराकडं पायीच निघा. चपला नकोत, दगडी फरसबंदीवर कोल्हापुरी पायतान घसरतं, बूट घाला. हे जुनं शहर जुनं नाही. 1944 मध्ये शहरानं जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मनांनी ते पद्धतशीर उडवलं, आणि युद्धानंतर लोकांनी ते पुन्हा बांधलं. बांधताना अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची वॉर्साची चित्रंसुद्धा समोर ठेवली. पुन्हा बांधलेलं शहर असूनही 1980 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. राजवाड्याच्या चौकातून खाली ट्रामच्या थांब्यावर जायला सरकता जिना आहे. 1949 मध्ये, निम्मं शहर ढिगाऱ्यात असताना, तो सुरू केला गेला, पोलंडमधला पहिला. थकलेल्या पायांनी त्यावर उभं राहा. खाली 'स्तारे म्यास्तो' थांब्यावर बोगद्यातून येणारी ट्राम मिळते.

तुम्ही 1 ऑगस्टला तिथं असाल तर संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतील. बस, मोटारी, चालणारी माणसं, सगळं शहर एक मिनिट जागच्या जागी थांबतं. 1944 चा उठाव ज्या क्षणी सुरू झाला त्याची आठवण म्हणून. तुम्हीही थांबा, मोबाइल खाली ठेवा.

एक सूचना राहिली. फलकापाशी जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये असं वाटत असेल, तर तिथं हाराची पद्धत नाही. तिथले लोक 'झ्निच' ठेवतात: काचेच्या उंच पेल्यातला दिवा, वर वाऱ्यापासून जपायला झाकण. कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतो. काड्यापेटी विमानातून नेता येत नाही. तीही तिथंच घ्या. 'झापाउकी' म्हणून मागा.